पास्ता चिकटेल म्हणून...

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, तेही भरदुपारी. सांगताना अजूनही माझं डोकं फिरतं.

मी मोरेना. इटलीतल्या फेरारा शहरात गाईड आहे. माझी निवेस मावशीही गाईड होती. होती म्हणते, कारण गेल्या नोव्हेंबरात एका म्हाताऱ्याच्या मरणाचं खापर तिच्या डोक्यावर फुटलं. तेव्हापासून ती घराबाहेर पडलेली नाही.

बेर्गामोकडच्या एका चर्चची सहल होती. सगळी पेन्शनर मंडळी. शहराच्या जुन्या तटावर दाट धुकं उतरलं आणि जेर्वाझियो नावाचे आजोबा मागे राहिले. मावशी म्हणाली, थांबू या. पण सहलीबरोबरचा टूर मॅनेजर फाउस्तो ऐकेना. का? तर जेवणाचं टेबल लागलं होतं आणि पास्ता चिकटला असता!

माणूस राहिला तरी चालेल, पास्ता चिकटता कामा नये.

मावशी एकटीच परत वर गेली, पण धुक्यात हाताला काही लागलं नाही. आजोबा संध्याकाळी तटावरच्याच एका बाकावर सापडले. गारठून गेलेले. गाईडचं बोलणं ऐकायला देतात तो इअरफोन कानात तसाच.

चौकशीत फाउस्तोने बेधडक सांगितलं, "थांबायला नको, असं गाईडच म्हणाली."

खोटारडा! पण बाकीची मंडळी तेव्हा इअरफोन परत करून बसमध्ये बसली होती. दोघांचं भांडण ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

निदान मला तसं वाटत होतं...

जानेवारीत फाउस्तो पुन्हा एक सहल घेऊन आला. ते काम मी मुद्दाम घेतलं. त्याच्या तोंडून खरं वदवून घ्यायचंच, असं ठरवलं होतं.

तटावर पोचलो आणि धुकं आलं.

मी माइकवर तटाची माहिती सांगत होते. मंडळी इअरफोनमधून ऐकत होती. तेवढ्यात पिएरिना नावाच्या आजी म्हणाल्या, "अगं पोरी, तुझ्या मधेमधे दुसरं कोण बोलतंय?"

दोन ग्रुपचे चॅनेल कधीकधी मिसळतात. पण तटावर दुसरा ग्रुप नव्हता.

मी त्यांचा इअरफोन घेऊन कानाला लावला.

"फाउस्तो, हात जोडते तुला. थोडं थांब. वर एक माणूस राहिलाय."

मावशीचा आवाज...

आणि मग त्याचा. "येईल गं तो वास काढत. पास्ता चिकटला तर तू खाणार आहेस का?"

त्या दिवशी मावशीच्या कॉलरचा माइक चालूच होता. भांडण ऐकणारं तिसरं माणूस होतं. तिकडे बाकावर बसलं होतं.

तेवढ्यात कानाशी धाप ऐकू आली. अगदी जवळ.

"मी ऐकतोय... पण ओरडवत नाही."

या इअरफोनमधून फक्त ऐकता येतं. बोलायची सोयच नाही.

भीती वाटली. पण त्याहून जास्त संताप आला. मी तो इअरफोन फाउस्तोच्या कानात कोंबला. "ऐक! तूच ना हा? बोल सगळ्यांसमोर!"

त्याचा चेहरा पांढरा पडला. तरी निर्लज्ज म्हणतो, "चॅनेल मिसळलंय. चला, जेवण थंड होतंय."

"तू जा गिळायला," पिएरिना आजी कडाडल्या. "आम्ही नाही हलणार."

"मग बसा धुकं खात!"

तो जिन्याकडे वळला. धुक्यात शिरला. बुटांचा आवाज आला...

मग थांबला.

जिना उतरल्याचा आवाज आलाच नाही.

आणि सगळ्यांच्या इअरफोनमध्ये एकदम फाउस्तो बोलू लागला. "मोरेना... तुझं बोलणं ऐकू येतंय. तुम्ही दिसत का नाही?"

माइक माझ्या कॉलरला होता. आणि मी एक शब्दही बोलत नव्हते.

आम्ही थांबलो. घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. जेवायला कुणीही गेलं नाही. धुकं विरलं तेव्हा तो बाकावर बसलेला दिसला. त्याच बाकावर. जिवंत होता.

मंडळींनी जे ऐकलं ते चौकशीवाल्यांना सांगितलं. ते हसले. म्हाताऱ्यांच्या कानांवर कोण विश्वास ठेवणार?

म्हणून गेल्या आठवड्यात मी फाउस्तोच्या बहिणीकडे गेले. तो आता तिथे असतो. दया वगैरे काही आली नाही मला. म्हटलं, "एकच वाक्य बोल. मावशी थांबायला सांगत होती, एवढंच. घरात सडतेय ती!"

त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"शू... गाईड बोलतेय."

कानात काहीच नव्हतं त्याच्या.

"काय बोलतेय?"

"म्हणतेय... आजोबा, जिथे आहात तिथेच बसून राहा. अजिबात हलू नका. मी शोधत येतेय."

परत वर गेल्यावर मावशी दुपारभर माइकवर हेच सांगत फिरत होती. हे तिने फक्त मला सांगितलं होतं.

जिना त्या बाकापासून हाकेच्या अंतरावर आहे. म्हातारा हळूहळू चालत आला असता, तरी वाचला असता. तो का हलला नाही, हे कोडं कुणालाच सुटलं नव्हतं.

कुणावर चिडू आता?

मावशीकडे परतले तेव्हा ती दारातच उभी होती. "बोलला का गं तो काही?"

मी सांगितलं, भेटलाच नाही.