वाळवीकडे मोबाईल कुठून आला?

"वाळवीनं खाल्ली? सगळी?" अपूर्वा किंचाळली.

"पान न् पान!" म्हणत दत्तोपंत आजोबा घाईघाईनं चष्मा पुसू लागले. "मासिकं गेली, पोरी. पेटी तेवढी उरली. लोखंडाची ना!"

त्या उन्हाळ्यात लातुरात शिकवणीला पोरं इतकी लोटली होती, की घरोघरचे उंदीरसुद्धा भाड्याची खोली शोधत हिंडत होते! आजोबांच्या माडीवर आधीच तीन कॉट होत्या. आता चौथी आली होती, नेमकी पेटीच्या जागी. पेटी गच्चीवर, रिकामी.

अपूर्वा गच्चीवर जाऊन रिकाम्या पेटीपाशी बसली. ती मासिकं उर्वीआत्याची. भूकंपात गावचं घर पडलं तेव्हा आत्या दहा वर्षांची होती. सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले, पण तिचं मासिक एकदाही चुकलं नाही. पोस्टमनकाका अंकावरच्या चिठ्ठीतला जुना पत्ता खोडून लाल शाईनं लिहायचे, 'पत्र्याचं शेड, तिसरी ओळ'. मागच्या सुट्टीत आत्यानं किल्ली अपूर्वाच्या हातावर ठेवली होती. "आता तू सांभाळायची!" दुसरी किल्ली आजोबांकडे. आणि येत्या रविवारी आत्या विष्णुपुरीहून येणार होती. तिला काय तोंड दाखवायचं?

तेवढ्यात शेजारची सबिहा आईचा मोबाईल नाचवत गच्चीवर आली. ती त्यावर जुनी गाईडं शोधत होती.

"अगं, हे बघ काय विकून राहिलेत! 'दुर्मिळ! भूकंपाच्या वर्षीचा संच!'"

फोटोत मासिकांची चळत होती. वरच्या अंकावर चिठ्ठी. अपूर्वाच्या धाकट्या भावानं, वरदनं, फोटो मोठा केला.

"कुमारी उर्वी दत्तोपंत औसेकर... पत्र्याचं शेड, तिसरी ओळ! ताई, वाळवीकडे मोबाईल हाय?"

"चोरी!" अपूर्वा उठलीच. "आजोबांना सांगते!"

"थांब की! आधी चोर धरू, मग सांगू." सबिहानं पटापट लिहिलं, 'घ्यायचे आहेत. बघायला कुठं येऊ?'

उत्तर आलं, 'उद्या पाच वाजता. शिकवण्यांच्या गल्लीत, रसवंतीपाशी. खूण, काळी छत्री.'

"छत्रीवाला चोर! लई नाजूक दिसतोय," वरद खिदळला.

दुसऱ्या दिवशी तिघं रसवंतीच्या चिपाडांमागे दबा धरून बसली. पाच वाजले. गल्लीत दप्तरांचा पूर आला. त्या पुरातून एक काळी छत्री डुलत डुलत आली, थांबली, वर झाली.

छत्रीखाली दत्तोपंत आजोबा! शेजारी चौथ्या कॉटवरचा निवृत्ती, हातात मोबाईल आणि जड पिशवी.

"आजोबाच चो—" वरदच्या तोंडावर सबिहानं हात ठेवला.

दुकानदारानं चुकून दिलेली एक जादा पेन्सिल परत करायला अपूर्वाला भर उन्हात अर्धं लातूर चालवणारे हेच ना ते आजोबा? ती सरळ पुढे गेली.

"मला घ्यायचीत ही मासिकं. यातली वाळवी कुठंय?"

छत्री कलंडली. "अगं... कॉटला जागा हवी होती. तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"खऱ्या चोरानं नेली असती ना, तर कमी वाईट वाटलं असतं."

निवृत्ती गोरामोरा झाला. "ताई, मला आजोबा म्हणाले, घरात हे कुणी वाचत न्हाई. फोटो काढून जाहिरात मीच टाकली. ही घ्या पिशवी."

रविवारी आत्या आल्या आल्या आजोबांनी सगळं स्वतःच सांगितलं. आत्यानं आधी अंक मोजले. एकही कमी नव्हता!

"शाबास रे! फोटोतली चिठ्ठी वाचून चोर पकडला तुम्ही!"

"डोकी आहेत पोरांना," आजोबा खालमानेनं म्हणाले. "माझ्यापेक्षा कैक पटीनं बरी."

वरद आणि सबिहा फुगून टम्म झाले. अपूर्वा हसली नाही. पेटी आजोबांच्याच पलंगाच्या पायथ्याशी आली, अशी, की त्यांना रात्री पाय पसरता येऊ नयेत!

संध्याकाळी आजोबा खिसे चाचपत होते. "अपूर्वा, माझ्याकडची पेटीची किल्ली दिसत नाही गं?"

अपूर्वानं मासिकाचं पान उलटलं.

"वाळवीनं खाल्ली."