बांगडीतलं स्टेशन

स्टेशन एकाच जागी, गाड्या तेवढ्याच, भाडंही तेच. मग श्रीलताच्या स्टेशनात नऊ हजार प्रवासी आणि हर्षालीच्या स्टेशनात चारच हजार, हे कसं?

साल होतं २०६८. सोलापुरात जमिनीखालून मेट्रो येणार होती. सहावीच्या मुलांना शाळेत सिम्युलेशनचा (संगणकातल्या, खऱ्यासारख्या वागणाऱ्या शहराचा) खेळ दिला होता. आपल्या वस्तीच्या स्टेशनाची दोन दारं कुठे काढायची, ते त्यांनी ठरवायचं. सगळ्यांत चांगला नकाशा शनिवारी मेट्रोच्या इंजिनिअरांपुढे जाणार होता.

आजवर पहिला नंबर हर्षालीचा. श्रीलता येमूल गेल्या वर्षी शाळेत आलेली, आणि आज सगळा वर्ग तिच्या बाकाभोवती! हर्षालीच्या पोटात दुखू लागलं. ते काही डब्यातल्या भाजीनं नव्हतं.

वस्तीत घरोघरी औषधं पोचवणारा जुना यंत्रमानव ठमाजी दुपारी शाळेत चार्जिंगला यायचा. हर्षालीनं त्याला गाठलं.

"ठमाजी, श्रीलतानं काहीतरी लबाडी केलीय. शोधून दे."

"लबाडी मागून बघू. आधी तुझा नकाशा दाखव, पोरी."

हर्षालीनं आईची बांगडी नकाशावर ठेवून स्टेशनाभोवती गोल काढला होता. "या गोलातली सगळी घरं पाचशे मीटरच्या आत आहेत. आणि दोन्ही दारं मोठ्या रस्त्यावर, कशी ठसठशीत!"

"हे अंतर सरळ उडत जाणाऱ्या कावळ्याचं झालं. तू कावळा आहेस का?"

"तुझ्यासारखं डबडं तरी नाही!"

"डबडं रोज पायी फिरतं, म्हणून विचारतंय. खेळातल्या या चंद्रव्वा आजीला घरून स्टेशनात ने बघू."

हर्षालीनं पडद्यावर बोट टेकवलं. आजी चालू लागली. बोळ संपला, डावीकडे वळली, तर पुढे नाला! पूल पार पलीकडच्या टोकाला. दहा मिनिटं झाली तरी दार येईना. आजी एका ओट्यावर टेकली आणि उठून घरी परत गेली.

"अगं बाई! पण ती तर गोलात होती."

"माणूस स्टेशनाच्या मधोमध जात नाही, दारापर्यंत चालत जातो," ठमाजी म्हणाला. "या खेळातली माणसं दहा मिनिटं चालतात, मग कंटाळतात. तेवढ्या वेळात जिथली माणसं दाराशी पोचतात, ते त्या दाराचं ओढक्षेत्र (दार जिथून माणसं ओढून आणतं तो भाग). तुझी दोन्ही दारं शेजारी-शेजारी, म्हणजे दोघांचं जेवण एकाच ताटात. स्टेशन हलवू नकोस. दार हलव."

हर्षालीनं एक दार नाल्याखालून पलीकडच्या काठावर नेलं. आजीचे गुडघे आठवून तिथे लिफ्टही बसवली. आकडा चढू लागला. पाच हजार, सात हजार... आठ हजार नऊशेवर थांबला.

"अजून शंभर कमी!" तिनं दातओठ खाल्ले आणि श्रीलताचा नकाशा उघडला. त्यातही दार पलीकडेच होतं, पण शाळेच्या बोळाशी, आणखी मोक्याच्या जागी. मात्र तिथे नुसत्या बेचाळीस पायऱ्या. चंद्रव्वा आजी तिथवर आली, वर-खाली पाहून मागे फिरली.

हर्षाली हळूच म्हणाली, "ठमाजी, हे तिला सांगू नकोस हं."

"मी कशाला सांगू? परत गेली ती काय माझी आजी आहे?"

पडद्यावर आजी पुन्हा ओट्यावर जाऊन बसली होती.

शेवटी तणतणत ती श्रीलताच्या बाकापाशी गेली. "तुझ्या दाराला लिफ्ट नाही. माझी आजी परत गेली ना!"

"अय्यो! मी आजोबांच्या हातमागाचा दोरा नकाशावर बोळाबोळांतून लावून अंतर मोजलं. दोऱ्याला पायऱ्या कुठे कळतात गं?"

म्हणजे लबाडी नव्हतीच. दोराच होता.

दार श्रीलताचं, लिफ्ट हर्षालीची. आकडा गेला नऊ हजार चारशेवर. शनिवारी इंजिनिअरांपुढे एकच नकाशा गेला. त्यावर श्रीलताचं नाव आधी लिहिलेलं पाहून हर्षालीच्या पोटात पुन्हा थोडं दुखलं. पण इंजिनिअरबाईंनी पलीकडच्या काठावर बोट ठेवून विचारलं, "इथली लिफ्ट कोणाला सुचली?" तेव्हा श्रीलतानंच हर्षालीला पुढे ढकललं.