एकशे बारा सह्यांची सभा

फौजदार राजेश्री दुधाटे जीपमधून उतरल्या तेव्हा राजशेखर ग्रामपंचायतीच्या झेंड्याच्या खांबाला बांधलेला होता आणि त्याला मारायला रांग लागली होती. एक डोळा मिटलेला. ओठ फाटून लोंबत होता. सदरा रक्तानं भरलेला. त्यातलं त्याचं किती आणि चुलत्याचं किती, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

"सोडा," राजेश्री म्हणाल्या. "का दोन मढ्यांचा पंचनामा करू? दुसऱ्याचे आरोपी मग तुम्ही सगळे."

रांग मोडली. जमादार धम्मपालनं दावं कापलं.

हकीकत दोन ओळींची होती. लिंबखेडीच्या ओढ्याकाठी, शिंदीच्या जाळीत, दुपारी चारला मन्मथअप्पांचं प्रेत सापडलं. ते सापडलं पुतण्याला, म्हणजे राजशेखरलाच. आणि आदल्याच दिवशी त्यानं बांधावरून चुलत्याची गचांडी धरली होती. गावाला एवढा पुरावा पुरला.

जाळीत पडलेल्या अप्पांच्या डोक्याचा मागचा भाग राहिलाच नव्हता. सहा-सात घाव, सगळे गोल, सगळे मागून. पहिल्या घावात माणूस मेला असणार. बाकीचे रागाचे होते. चेहरा मात्र शाबूत. कपाळ कोरं. गळ्यात लिंगाची चांदीची डबी. केसांतलं रक्त वाळून काळं पडलं होतं, आणि त्या काळ्यात एक बारीक खपली अजून लालभडक होती.

"रक्तच हाय की मॅडम," धम्मपाल म्हणाला.

"इतक्या वेळात रक्त लाल राहतं का?" राजेश्रींनी खपली कागदात बांधली.

त्या गावात परतल्या तेव्हा एक ऑटो थांबला. उतरल्या त्या सरपंच मनकर्णाबाई. हातात पिशवी, पिशवीतून तुरीच्या शेंगा डोकावत होत्या.

"अप्पा गेले म्हणून पेडगावला फोन आला," त्या रडत म्हणाल्या. "माहेराहून तशीच निघाले."

"घरात जाय," नवरा दिनकरराव खेकसला. त्या गेल्या. सरपंच ती, कारभार याचा. शिक्का त्याच्या खिशात, सही त्याच्या हातात. बाईंकडं फक्त भिंतीवरच्या फळीवरचं नाव.

"अप्पांना शेवटचं कुणी पाहिलं?" राजेश्रींनी विचारलं.

"समद्या गावानं. अकराला ग्रामसभा होती. एकपर्यंत अप्पा आमच्या मांडीला मांडी लावून बसलेवते. ठरावाचे सूचक तेच."

"कसला ठराव?"

"पुलाचा. ह्याच ओढ्यावर. अडतीस लाखाचं अनुदान हाय, मॅडम. पंचायत आन अप्पा अध्यक्ष असलेलं गावचं मंडळ, दोघांनी मिळून मागितलं तरच देतात. परवा तीस नोव्हेंबर, शेवटची तारीख. एक कागद कमी पडला की प्रस्ताव बाद."

"सभा उठल्यावर तुम्ही कुठं?"

दिनकरराव याच प्रश्नाची वाट पाहत असावा. त्यानं प्रस्तावाची प्रत पुढं केली. "परभणीला. हा आवकचा शिक्का बघा. तीन वाजून दहा मिनिटं."

शिक्का खरा होता. राजेश्रींनी पानं उलटली. ठराव. सह्या एकशे बारा. कोरमला शंभर लागतात. शेवटी जागेचे फोटो. पहिल्यात अप्पा ओढ्याच्या काठावर उभे, हातात मोजणीचा लाल-पांढरा लोखंडी रॉड, मागं चुन्यानं रंगवलेल्या दगडांच्या दोन ओळी. खाली छापलेली वेळ सकाळी सहा अठ्ठेचाळीस, तारीख आजची. दुसऱ्यात तीच जागा दुसऱ्या बाजूनं, माणसाविना. वेळ सात वाजून सहा मिनिटं.

"मंडळाच्या अध्यक्षाचा जागेवरचा फोटो लागतो," दिनकरराव म्हणाला. "सकाळी काढला. मग अप्पा घरी गेले, अकराला सभेला आले."

गर्दीतल्या दहाजणांनी एकदम माना हलवल्या. अकरावा थोडा उशिरा हलला. राजेश्रींनी तो उशीर मनात टिपून ठेवला.

ठाण्यात राजशेखरनं पाणी मागितलं. फुटलेल्या ओठातून अर्धं सांडलं.

"सभेला होतास?"

"होतो."

"अप्पा होते?"

"व्हते."

"एकनंतर तू कुठं होतास?"

"रानात. एकलाच."

"म्हणजे अप्पा एकपर्यंत जिवंत, चारला मेलेले, आणि मधले तीन तास तू एकटा रानात. दिनकरराव परभणीत, बाकी गाव एकमेकांसमोर. कळतंय का तुला, तू काय बोलायलास?"

राजशेखरनं खाली बघितलं. "गेल्या भादव्यात त्रिवेणीला कळा सुरू झाल्या. ओढ्याला पूर. गाडी ह्या अंगाला, दवाखाना त्या अंगाला. चार तास चिखलात बसलो, मॅडम. बायको गेली, पोटातलंबी गेलं." त्यानं मान वर केली. "पूल होऊ द्या. माझं काय व्हायचं ते होऊ द्या."

विचारलं काय आणि उत्तर आलं काय. राजेश्रींनी तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा अहवाल आला. मृत्यू सकाळी सहा ते दुपारी तीन, याहून नेमकं सांगता येत नाही. पोट रिकामं, चहासुद्धा नाही.

लिंगायत रिवाजाप्रमाणं अप्पांना बसवून माती दिली होती. घरात त्यांची बायको भागम्मा भिंतीला टेकून होत्या. देवळीत पूजेचं ताट तसंच होतं: तांब्या काठोकाठ भरलेला, बेलाची पानं सुकून वळलेली, भस्माच्या वडीला बोट लागलेलं नाही.

"अम्मा, हे ताट कधीचं?"

"कालचं. 'फोटू काढून येतो, मग पूजा' म्हणाले. रोज पूजा, मग भस्म, मग च्या. तापानं फणफणले तरी मोडलं न्हाई कधी."

"पूजा न करता सभेला जाऊन बसतील?"

भागम्मांनी दाराकडं बघितलं. दारात दिनकररावचा भाऊबंद उभा होता. "सभेचं मला काय म्हाईत न्हाई, बाई. मी घरात असते."

राजेश्रींनी पंचायतीतून सह्यांचं रजिस्टर काढलं आणि शिपाई सितारामला सोबत घेऊन गावात फिरायला निघाल्या. वरच्या गल्लीतून सुरुवात. दारावर नाव वाचायचं, रजिस्टरातली ओळ वाचायची. पहिलं दार, पहिली सही. दुसरं दार, दुसरी सही. कुलूप लावलेलं घर आलं, ते नाव नव्हतं. पुढचं दार, पुढची सही. गल्ली वळली तिथं रजिस्टरचं पान उलटलं.

सितारामनं टोपी काढून हातात घेतली. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांना अंगठ्याच्या पॅडची जांभळी शाई होती.

"ओढा ओलांडायचा उतार कुठं?"

त्यानं दाखवला. पायवाट, बैलगाड्यांची चाकोरी, पलीकडं चुडाव्याचा रस्ता. चुन्याचे दगड मात्र तिथं नव्हते. ते सापडले अर्धा मैल वर, दिनकररावच्या रानात, नव्यानं पाडलेल्या प्लॉटांच्या हद्दीवर. शिंदीची जाळी तिथून खाली शंभर पावलं. आणि दगडांसमोर ओढ्याचा डोह.

धम्मपालनं विहिरीतली बादली काढायचा गळ मागवला.

तीस तारखेला सकाळी दहाला राजेश्रींनी गावाला पंचायतीपुढं बोलावलं. राजशेखरला बेड्यांसह आणलं. कट्ट्यावर दिनकरराव, शेजारी मनकर्णाबाई, पदर दातात.

"एकशे बाराजण सभेला होते," राजेश्री म्हणाल्या. "मला एकच सांगा. सभा सुरू असताना राजशेखर कुठं बसला होता?"

"कट्ट्याजवळ," एकजण म्हणाला.

"लिंबाखाली," दुसरा त्याच दमात म्हणाला.

"मागं," तिसरा म्हणाला.

"सभेत माणसं घराच्या ओळीनं बसत नाहीत. पण सह्या घराच्या ओळीनं आहेत. वरच्या गल्लीपासून खालच्या वेशीपर्यंत, एक दार चुकलेलं नाही. सितारामभाऊ, रजिस्टर घेऊन कधी फिरलात?"

"सिताराम!" दिनकरराव ओरडला. "पूल घालवशील तू! जिवंत ठेवणार न्हाई तुला!"

सितारामनं टोपी छातीशी धरली. राजेश्रींनी वाट पाहिली नाही. त्या मनकर्णाबाईंकडं वळल्या. "रजिस्टरात सभेच्या अध्यक्ष म्हणून तुमची सही आहे, बाई. अठ्ठावीसला अकरा वाजता तुम्ही कुठं होतात?"

मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. मग बेड्यांतल्या राजशेखरकडं. पदर दातातून सोडला.

"पेडगावला. भावाच्या घरी, शेंगा सोलायले. सभा झालीच न्हाई, मॅडम. सही माझी न्हाई, ह्यांची हाय."

चापट इतक्या जोरात बसली की त्या कट्ट्यावरून खाली पडल्या. दिनकररावनं उडी घेऊन त्यांचा गळा धरला. राजेश्रींची काठी त्याच्या मनगटावर उतरली. हाड मोडल्याचा आवाज मागच्या ओळीपर्यंत गेला. धम्मपालनं त्याला उपडा पाडून पाठीवर गुडघा रोवला.

"आता ऐका," राजेश्री म्हणाल्या. "सह्या आधीच घरोघर फिरून घेतल्या, अप्पांचीही त्यातच. हे दरवेळी होतं, म्हणून तुम्हाला त्यात गैर वाटलं नाही. खून झाल्यावर हा तुम्हाला म्हणाला, सभेत अप्पा होते म्हणा, नाहीतर पूल जाईल. तुम्ही पुलासाठी बोललात. पण त्या एका वाक्यानं मेलेला माणूस दुपारी एकपर्यंत जिवंत राहिला, आणि खुनाची वेळ उचलून याच्या परभणीच्या शिक्क्याखाली जाऊन बसली.

"अप्पा सकाळीच मेले. कपाळाला भस्म नव्हतं, पोटात चहा नव्हता. घरी ताट तसंच. फोटोला गेलेला माणूस घरी परतलाच नाही. फोटो काढणारा एकच, आणि फोटो याच्याच मोबाइलातून निघालाय."

"कामून मारलं पण?" मागून कुणीतरी विचारलं.

"पूल कुठं व्हायचा होता?"

"उतारावर. त्रिवेणी गेली तिथं."

"फोटोतले चुन्याचे दगड उतारावर आहेत का? ते याच्या प्लॉटांवर आहेत. पूल तिथं झाला की प्लॉटांना भाव. अप्पांना आधी वाटलं असेल, नुसता फोटो आहे. मग डोक्यात प्रकाश पडला. 'सही मागं घेतो' म्हणून ते वळले, आणि यानं त्यांच्याच हातातला रॉड घेऊन मागून घातला. सहा अठ्ठेचाळीसच्या फोटोत रॉड आहे. सात सहाच्या फोटोत नाही."

धम्मपालनं गोणपाट उलगडलं. लाल-पांढरा रॉड, एका टोकाला रंग उडालेला.

"डोहातून निघाला. अप्पांच्या केसांत जी लाल खपली होती, ती या उडालेल्या जागी बसते. आणि नमुना बघा माणसाचा: फॉर्मला दोन बाजूंचे फोटो लागतात, म्हणून खून करून, प्रेत जाळीत ओढत नेऊन, यानं दुसरा फोटो काढला. प्रस्ताव अपुरा राहू नये म्हणून!"

जमिनीला गाल टेकलेला दिनकरराव थुंकला. "जिंदगी ह्याच गावासाठी घातली मी. म्हातारं आडवं आलं. मी मेल्यावर बघतो कोण आणतंय तुमचा पूल!"

ज्यांनी खांबाला बांधून राजशेखरला मारलं होतं, तीच माणसं पुढं सरकली. काहींच्या हातात चपला आल्यासुद्धा.

"एकदा रांग लावली ती पुरे," राजेश्री म्हणाल्या. चपला खाली गेल्या.

बेड्या निघाल्या. राजशेखर मनगट चोळत म्हणाला, "प्रस्ताव?"

"बाद. आज शेवटची तारीख, आणि सभेला सात दिवसांची नोटीस लागते."

 ज्याच्यासाठी त्यानं फाशीची तयारी ठेवली होती, ते त्याच्या सुटकेबरोबरच गेलं होतं.

नवव्या दिवशी सितारामनं दवंडी देऊन बोलावलेली सभा लिंबाखाली भरली. कागदावर एकशे बारा होते. प्रत्यक्षात सदुसष्ट आले. कोरम नाही, म्हणून मनकर्णाबाईंनी गळ्यावरच्या काळ्यानिळ्या वळासकट सभा नियमाप्रमाणं अर्धा तास तहकूब केली, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून अर्ध्या तासानं त्याच सदुसष्टांत पुन्हा सुरू केली.

पुढच्या वर्षासाठी उतारावर पूल मागायचा, हा दुसरा ठराव. पहिला एवढाच होता, की अठ्ठावीस नोव्हेंबरची सभा झाली नव्हती.

"सूचक?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

भागम्मा उठल्या, पॅडवर अंगठा दाबला आणि रजिस्टरात उठवला. अनुमोदक म्हणून राजशेखरनं त्याच्याखाली सही केली. मग माणसं बसली होती त्या क्रमानं रजिस्टर फिरलं.