गालावरची उन्हाची खूण

तो खरं तर पाणी प्यायला आत आला होता.

हिवाळा सरत आला होता. दवाखान्याच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेची मोजणी करून तो दमला होता. डोक्यावरची टोपी काढत तो तिथल्या छोट्या तपासणीच्या खोलीत शिरला आणि समोर खुर्ची दिसली म्हणून बसला. तिथली मुलगी नुकतीच कामाला लागलेली, उत्साह नुसता उतू चाललेला! तिने काही विचारलं नाही की सवरलं नाही. पेनने त्याच्या उजव्या गालावर ठिपका काढला आणि त्यावर यंत्राचं गोल तोंड टेकवलं.

"हलू नका."

"नाही हलत," तो म्हणाला. "पण... पाणी मिळेल का?"

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हा त्वचेच्या अभ्यासात नाव दिलेला माणूस नव्हेच! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र खदखदून हसला.

"मी जमीन मोजतो, तुम्ही गाल मोजता. एकाच धंद्यातले की आपण!"

"गाल नाही, गालाचा रंग," ती सावरून म्हणाली. "ऋतू बदलला की चेहऱ्याचा रंगही बदलतो. निम्म्या लोकांना आम्ही उन्हापासून जपणारं क्रीम देतो, रोज लावायला. उन्हाळा संपला की पुन्हा मोजतो, कोण किती काळवंडलं ते."

"म्हणजे उन्हाळा संपला की पुन्हा अशाच... जवळ येऊन मोजणार?"

"नियमच आहे तसा."

"मग माझंही नाव लिहा."

चिठ्ठी टाकली, तर तो क्रीमवाल्यांत निघाला. ट्यूब हातात देताना तिने बजावलं, "रोज सकाळी लावायचं, दुपारी पुन्हा. आणि ही ठिपक्याची जागा लक्षात ठेवा. पुढच्या वेळी इथेच मोजायचं आहे."

त्याने अगदी गंभीरपणे मान डोलावली.

नियम आणखीही एक होता. अभ्यासातल्या माणसांना बाहेर भेटायचं नाही. अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरबाई त्या बाबतीत भलत्याच कडक होत्या. म्हणून ती नुसती वाट बघत राहिली. ऊन चढलं की तिचा जीव टांगणीला लागायचा. कुठल्या माळावर उभा असेल? दुपारचं क्रीम लावलं असेल ना? शंभर गाल मोजले तरी तिच्या बोटांना आठवण एकाच गालाची. ती सारखी खिडकीतून आभाळ बघते म्हटल्यावर वहिनीने एकदा चिमटा काढलाच.

"अहो वन्सं, ऋतू काय तुम्ही बघितलात म्हणून लवकर बदलणार आहे?"

"जरा उकडतंय म्हणून बघत होते."

"हो का! मग पंखा लावा की."

शेवटी उन्हाळा संपला आणि तो आला. तसाच हसत खुर्चीत बसला. उन्हात राबूनही चेहरा होता तसाच होता. फक्त उजव्या गालावर नाण्याएवढा काळा गोल.

"हे काय?" तिने वाकून पाहिलं.

"खूण. आमच्यात मोजणीच्या खुणेवर काही चोपडत नाहीत. ती झाकली की पुढची सगळी मापं चुकतात."

"अहो, लक्षात ठेवा म्हटलं होतं, उघडी ठेवा नाही!"

"शाई तर दुसऱ्याच दिवशी गेली," त्याचा आवाज खाली आला. "आधी सवयीनंच तेवढी जागा सोडली. मग आरशात ती वेगळी दिसायला लागली... तुमचं बोट टेकलं होतं इथे. झाकवेना हो."

तिने यंत्र हातात घेतलं.

त्या गोलावर माप घेतलं, तर बिचारं क्रीम फुकट बदनाम होणार. खरं सांगितलं, तर त्याचं नाव कटणार आणि त्याला परत यायला कारणच उरणार नाही. यंत्र बोटभर सरकवलं तर? कुणाला कळणार होतं? हिवाळ्यातल्या पुढच्या मापाला तो पुन्हा आला असता. तिने यंत्र सरकवलं... आणि हात थबकला. अख्खा उन्हाळा ज्या गालासाठी झुरले, त्याच गालावर खोटं बोलायचं?

"तुमचं नाव काढावं लागेल," तिने यंत्र खाली ठेवलं. "खोटं माप मी घेणार नाही."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "मीही घेतलं नसतं," म्हणाला आणि टोपी उचलून गेला.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि त्याच्या नावावर काट मारली. ती डोळे पुसत दारापर्यंत आली, आणि थांबली. नाव कटलं! तो आता अभ्यासात नाही. मग नियम तरी कुठला?

ट्यूब उचलून ती धावतच बाहेर पडली. तो मागच्या नळाला ओंजळ लावून पाणी पीत होता.

"आता बाहेर भेटता येतं आपल्याला," ती धापा टाकत म्हणाली. नळ वाहतच राहिला.

तिने बोटावर क्रीम घेतलं आणि त्या काळ्या गोलावर हळूच टेकवलं. त्याने डोळे मिटले.

"खूण पुसताय?"

"जागा पाठ आहे मला. नवं ऊन लागू दिलं नाही, तर हिवाळ्यापर्यंत रंगात रंग मिसळेल. पण रोज लावावं लागेल."

"एवढी जागा माझ्याच्यानं नाही व्हायची."

"मी लावीन की," ती म्हणाली. "ऋतू बदलायची वाट बघणं... आता माझ्याच्यानं नाही व्हायचं."