कंटाळणारे वाचक

ती ग्रंथालयात आली ती आपलं काम डोळे भरून बघायला. पुस्तक शोधून देणारा तिथला प्रोग्राम तिने लिहिलेला. पण दाराजवळच्या संगणकापुढे चिटपाखरू नव्हतं, आणि काउंटरवरच्या तरुण ग्रंथपालापुढे मात्र ही भली मोठी रांग.

"संगणक बंद आहे का?" तिने विचारलं.

"चालू आहे की. लोक दोन शब्द टाकतात, वरची तीन नावं बघतात, सुस्कारा सोडतात... आणि माझ्याकडे येतात."

"शक्यच नाही. हजार वाचकांवर तपासलंय मी."

"हजार? मला कसे दिसले नाहीत?"

"ते – खोटे आहेत. संगणकातलेच. माणसांसारखं शोधतात, आणि त्यांना काय सापडत नाही ते बघून मी यादी सुधारते."

"कंटाळतात का ते?"

"कशाला कंटाळतील?"

तो हसला, नुसत्या डोळ्यांनी. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण महिन्याभराने ग्रंथालयाची समिती तिचा प्रोग्राम तपासायला येणार होती. रांग हटली नाही, तर तिचं दोन वर्षांचं काम गुंडाळणार होते. दुसऱ्या दिवशी ती मुकाट्याने काउंटरमागे स्टूल ओढून बसली.

"त्या आजी बघा," तो हळूच म्हणायचा, "लेखक आठवत नाही, विषय तेवढा ठाऊक. आणि ते काका मेले तरी चौथं नाव वाचणार नाहीत."

ती टिपून घ्यायची. कोपराला कोपर लागायचं... दोघांपैकी कुणीच हलायचं नाही.

मग तिने आपल्या खोट्या वाचकांना चुकायला, कंटाळायला, अर्ध्यावर उठून जायला शिकवलं. हजारांपैकी जेमतेम तीनशेंना पुस्तक सापडलं. ती रडवेली झाली, मग पदर खोचून कामाला लागली. एकेक करत नऊशेंना हवं ते वरच्या तीन नावांत मिळू लागलं.

समिती आली तेव्हा काउंटरपुढे दोनच वाचक उभे होते.

"कंटाळ्याची ही कल्पना कुणाची?" अध्यक्षांनी विचारलं.

"यांची," ती ताठ मानेने म्हणाली. "लिहिलंय मी. आणि उत्तम लिहिलंय."

सगळे गेल्यावर तो म्हणाला, "माझी रांग पळवलीत. आता दिवसभर करू काय मी?"

"माझी वाट बघा."

"ती तर... महिनाभर बघतोच आहे."

तिचे कान तापले. तिने तिथूनच घरी फोन लावला.

"आई, रविवारी एकाला जेवायला आणतेय."

"कोण गं?"

"माझ्या कामातली चूक काढणारा."

"तुझी चूक? आणि तू ऐकून घेतलीस?"

"हो."

"मग घेऊनच ये बाई."