वेगळा माईक

लुंगवार गावी जाताना झाउवाने वाटेत साखर घेतली, चहाची पूड घेतली आणि गाडीच्या मागच्या सीटवर स्पीकर नीट आडवा ठेवला. मयताच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं. तिथे रोज संध्याकाळी गाव जमतं, घरच्यांना एकटं वाटू नये म्हणून गात बसतं, आणि गाणाऱ्यांना चहा लागतो.

स्पीकर मात्र थुआमीने मागितला होता. सकाळी तिचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. "ऊ झाउवा, आईला काल मातीत ठेवलं," ती म्हणाली. थोरल्या भावाला हाक मारावी तशी ती त्याला ऊ म्हणे. "तू आईचा आवाज जपून ठेवलायस ना? तो घेऊन ये. आज गाण्याच्या वेळी लावू."

"आणतो," झाउवा म्हणाला. एवढं होऊनही त्याच्याने खरं बोलवलं नाही.

आवाज त्याच्याकडे नव्हताच.

ही गोष्ट नीट कळायला इकडची रीत कळायला हवी. मिझोरामच्या डोंगरात जुनी ख्रिस्ती गीतं ढोलाच्या ठेक्यावर, लांब लांब सुरांत गातात. आणि प्रत्येक ओळीच्या आधी एकजण ती ओळ झरझर सांगून मोकळा होतो. लोकांना वाचता येत नव्हतं तेव्हाची ही सोय. आता शेंबडं पोरही वाचतं, गीतं सगळ्यांना तोंडपाठ असतात, तरी सांगणारा लागतोच. तो सांगेल तेच गायचं. त्याने चुकून चौथ्या कडव्याची ओळ दुसऱ्यात सांगितली, तर अख्खं गाव मुकाट्याने तीच गातं. तिथे कुणी आपली अक्कल चालवत नाही.

लुंगवारात हे काम उभा जन्म थुआमीच्या आईने, पी रोकिमीने केलं. पी म्हणजे आजी; सगळं गावच तिला पी म्हणे.

झाउवाचा ऐझॉलमध्ये छोटा स्टुडिओ होता. जुनी गीतं पोरांच्या मोबाइलमध्ये जावीत, टॅक्सीत वाजावीत, हा ध्यास त्याचाच, आणि त्यात खोट काही नव्हती. लुंगवारच्या मंडळींना त्याने चर्चमध्ये बसवलं, ढोलासमोर माईक लावला, गाणाऱ्यांसमोर लावले, आणि पी रोकिमीला कोपऱ्यात, तिच्या घरून आणलेल्या वेताच्या मोड्यावर, बुटक्या स्टुलावर, बसवून तिच्यापुढे एक वेगळाच माईक ठेवला.

"मला एकटीला वेगळा?" म्हातारी लाजली. "एवढा कसला रे मान?"

"तुमचा आवाज खास आहे, पी."

ढोलवाला पू खुमा, म्हणजे खुमा आजोबा, ढोलावर हात आपटून हसला. "आता हिच्याशी बोलायची सोय नाही!" तो म्हणाला. म्हातारीने अंगाभोवती गुंडाळलेलं ठेवणीतलं पुआन नीट केलं आणि माईककडे असं पाहिलं, जसं कुणी नातवाकडे पाहावं.

आणि झाउवाला त्याच क्षणी ठाऊक होतं की वेगळा माईक का. वेगळा घेतलेला आवाज अलगद काढून टाकता येतो. गाडीत गाणं ऐकणाऱ्याला मधे मधे म्हातारीची बडबड कशाला हवी? त्याने ती काढली. तिच्यासाठी मंडळी थांबायची त्या जागा कापल्या, ओळीला ओळ भिडवली. गीतं अशी देखणी झाली की लग्नाकार्यात वाजू लागली. लोकांनी झाउवाला डोक्यावर घेतलं.

लुंगवारच्या चर्चमध्ये ती पहिल्यांदा वाजवली तेव्हा पी रोकिमी पुढच्या बाकावर होती. पहिलं गीत संपलं तशी ती त्याच्याकडे वाकली. "मी पुढच्यात असेन, नाही का रे?" त्याने होकारार्थी मान हलवली. पुढचं संपलं, तिने पुन्हा पाहिलं, त्याने पुन्हा मान हलवली. शेवटच्या गीतापर्यंत तो गाढवासारखा मान हलवत राहिला. मग तिने त्याचा हात धरला. "छान झालंय हो. ढोल काय सुंदर आलाय!"

तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "तुमचा आवाज वेगळा जपून ठेवलाय, पी. त्याचं वेगळं काहीतरी काढणार आहे."

खरं तर एका लग्नाच्या रेकॉर्डिंगला जागा हवी म्हणून तो त्याने आधीच पुसला होता.

झाउवा पोचला तेव्हा उजेड होता, पण दरीतून धुकं वर चढत होतं. चर्चमधून बाक आणून घरात मांडले होते. चुलीचा धूर, ओल्या लोकरीचा वास, आणि त्यात कुठेतरी म्हातारीच्या विड्यांच्या तंबाखूचा वास अजून रेंगाळत होता. चुलीपलीकडच्या कोपऱ्यात तोच वेताचा मोडा होता. दाटीवाटीने बसले होते सगळे, पण त्याच्यावर कुणी बसलं नव्हतं.

थुआमीने त्याच्या हातातली साखर घेतली. "रोज मोबाइलवर लावायला सांगायची," ती हळूच म्हणाली. "कान लावून बसायची. म्हणायची, झाउवा खोटं कशाला बोलेल? माझेच कान गेले असतील."

झाउवाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याने आधीच बेत केला होता: नेहमीचं रेकॉर्डिंग लावायचं, दोन ओळींत वायर उपटायची, आणि स्पीकरच बिघडला म्हणायचं. असला बेत करून आपण मयताच्या घरात पाऊल टाकलं, याची त्याला इतकी लाज वाटली की मान वर होईना. तरी त्याने गीत लावलं. लाज वाटणं आणि खरं बोलणं यांत फार अंतर असतं.

ढोल वाजला. आता गाणारे सुरू व्हायला हवे होते.

झाले नाहीत.

स्पीकरमधून नुसता ढोलाचा ठेका येत राहिला, आणि वर एक रिकामी जागा. झाउवाने स्वतःच्या हाताने कापलेली जागा... ती परत आली होती. त्याने मोबाइलकडे पाहिलं. गीत पुढे सरकत होतं.

बाकांवरच्या सगळ्या माना किंचित कलल्या. मग स्पीकरमधल्या मंडळींनी आणि घरातल्या मंडळींनी एकदमच पहिली ओळ उचलली.

"आई..." थुआमीने तोंडावर हात धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "किती जवळून घेतलायस रे! जशी इथेच बसलीय."

झाउवाला काहीच ऐकू आलं नव्हतं. दुसरी रिकामी जागा आली तेव्हा त्याने स्पीकरच्या जाळीवर तळवा ठेवला. ढोलाने जाळी थरथरत होती, बाकी काही नाही. माना पुन्हा कलल्या. पू खुमाने डोळे मिटून होकार दिला. पुन्हा सगळ्यांनी बरोबर ओळ उचलली.

तिसऱ्या ओळीच्या आधी मात्र त्याला एक गोष्ट ऐकू आली. श्वास. पडलेल्या दाताच्या फटीतून किंचित शीळ घालत आत ओढलेला. हेडफोन लावून काम करताना म्हातारीचा हा श्वास त्याने सगळ्यांत आधी कापला होता. ऐकताना खुपत होता म्हणून.

आणि तो स्पीकरमधून येत नव्हता. चुलीपलीकडच्या कोपऱ्यातून येत होता...

वायर उपटायला त्याचे हात धजले नाहीत. श्वास, मग शांतता, मग ओळ. श्वास, शांतता, ओळ. शेजारचे कुणी कुणी त्याच्या पाठीवर थाप मारत होते. "जपलंस रे बाबा. आमच्या म्हातारीला जपलंस." प्रत्येक थापेसरशी तो अजून खाली वाकत होता.

शेवटचं कडवं संपलं. आता सगळं थांबायला हवं होतं. पण कोपऱ्यातून श्वास आला. माना कलल्या. ढोलाने ठेका धरून ठेवला. आणि सबंध घराने, त्याच चालीवर, त्याच लांब सुरात, सांगितलेली ओळ निमूट गायली:

"झाउवाला काही विचारू नका..."

म्हातारे, बाया, पोरं कडेवर घेतलेल्या आया, सगळे. थुआमीही. मग ढोल थांबला आणि लोक चहाचे कप घेऊ लागले.

"थुआमी," तो तिच्याजवळ जाऊन म्हणाला. "तुम्ही शेवटी काय गायलात आत्ता?"

"शेवटचं कडवं. दुसरं काय?"

"ऐक, मला सांगायचंय... तुझ्या आईचा आवाज मी..."

तिने त्याच्या हातात गुळाच्या चहाचा कप दिला. चेहरा शांत होता, जणू त्याचे शब्द तिच्यापर्यंत पोचण्याआधीच कुणी उचलून बाजूला ठेवले होते. "चहा घे आधी. गार होतोय." आणि ती पुढच्या बाकाकडे गेली.

त्याने पू खुमाला गाठलं. म्हातारा म्हणाला, "असू दे रे," आणि हवापाण्याचं बोलू लागला. विचारलं कुणीच नाही. आवाज कुठून आला, बाकीच्या गीतांचा कुठे आहे, एक शब्द नाही. म्हातारीने त्याला पदरात घेतलं होतं, आणि हे त्याला शिवीपेक्षा झोंबलं. चार लोकांनी तोंडावर थुंकलं असतं तर तो मोकळा झाला असता.

म्हणून रविवारी तो पुन्हा लुंगवारला आला. आता विचारण्याची वाट पाहायची नाही, सगळ्यांसमोर सांगूनच टाकायचं. उपासना संपत आली तसा तो बाकावरून उठला. खिडक्यांतून लख्ख ऊन येत होतं. खालच्या खोऱ्यातून आलेला नवा पाळक, चर्चचा धर्मगुरू, कौतुकाने त्याच्याकडे पाहत होता. या पाळकाने पी रोकिमीला उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं.

"मला एक कबूल करायचंय," झाउवा म्हणाला. "पी रोकिमीचा आवाज..."

श्वास आला. या वेळी त्याच्या पाठीमागून, अगदी मानेजवळून.

सगळ्या माना कलल्या. पाळकाचीही. पू खुमाचा हात आपोआप ढोलावर पडला, आणि भर उन्हात भरलेलं चर्च गाऊ लागलं:

"झाउवाला काही विचारू नका..."

पाळक गात होता. दारातली कडेवरची पोरं गात होती. आणि झाउवाच्या ध्यानात आलं की त्याचे स्वतःचे ओठही हलताहेत. आपल्याला न ऐकू आलेली ओळ तोही गात होता, सुराला सूर लावून, इतरांसारखा मुकाट्याने.

सूर विरला. तो खाली बसला. लोक आवराआवर करू लागले, जसं काही झालंच नव्हतं. फक्त पू खुमाने ढोलावरचा हात उचलला नव्हता.

आणि झाउवाच्या कानाशी, दाताच्या फटीतून शीळ घालत, पुढच्या ओळीसाठी श्वास घेतला गेला...