आईचा परवा

‘परवाच तर निघाले, परवा येते. अबोलीला म्हणावं, आल्या आल्या कडेवर घेईन.’

आता बोला! आईला अंतराळात जाऊन आठ वर्षं झाली. चार वर्षांची अबोली बारा वर्षांची झाली, आणि आई म्हणते, परवाच निघाले! “थापाडी,” अबोली एवढंच म्हणाली. ‘लवकर येते’ सांगून गेलेल्या आईला मनातल्या मनात ती कधीपासून हेच म्हणत आली होती. दुसरं काय करणार बिचारी?

हा निरोप आजोबांनी पकडला होता. आजोबा म्हणजे आईचे वडील, वेधशाळेतले शास्त्रज्ञ. काल दुपारभर पडद्यावर नुसती संथ, नागमोडी रेघ सरकत होती. त्यांनी ती हजारपटीहून जास्त वेगाने चालवली, तेव्हा कुठे लेकीचा आवाज निघाला.

आई इतकी सावकाश का बोलते, असं अबोलीने विचारलं. आजोबा म्हणाले, ती सावकाश बोलतच नाही. तिचं यान घसरून कृष्णविवराच्या (प्रकाशालाही न सोडणारी ओढ असलेल्या जागेच्या) फार जवळ गेलंय. गुरुत्वाकर्षण जितकं जास्त, तितका काळ संथ. आपल्या गच्चीवरचं अणुघड्याळसुद्धा (अणूंच्या ठोक्यांवर चालणारं घड्याळ) तळघरातल्यापेक्षा किंचित पुढे पळतं, मग तिथलं काय विचारतेस! पुंजभौतिकी (अणूंच्या आतल्या जगाचं शास्त्र) सगळ्यांना मिळून एकच घड्याळ धरून चालते. गुरुत्वाकर्षण म्हणतं, ज्याचं त्याचं वेगळं. या दोघांचं अजून जमलेलं नाही, ते तुम्ही पोरांनी जमवा.

“आईला हे ठाऊक नाही?”

“नसावं. तिच्या घड्याळात दोनच दिवस झालेत. तिला सगळं नेहमीसारखंच वाटत असणार.”

म्हणजे आई खोटं बोललीच नव्हती. खरं तर अबोलीला बरं वाटायला हवं होतं, पण तिचं तोंड कडू झालं. इतकी वर्षं निदान रागवायला आई होती. आता तेही गेलं.

मग तिने हिशोब केला. मागचा परवा आठ वर्षांचा, तर पुढचाही तेवढाच. आई येईल तेव्हा अबोली वीस वर्षांची असेल. आणि आजोबा? तिने त्यांच्या सुरकुतलेल्या हातांकडे पाहिलं. आजोबांनी स्वतःचा हिशोब केव्हाच केला होता. उत्तर काय पाठवू, एवढंच त्यांनी विचारलं.

“ये म्हणावं,” अबोली म्हणाली. “पण मी आता कडेवर मावणार नाही. मीच घेईन तिला.”

आईला ऐकू यावं म्हणून निरोप तितकाच संथ करून पाठवायचा होता. नुसत्या ‘ये’लाच पाव तास लागला. तेवढा वेळ दोघं पडद्यासमोर बसून राहिली.